वाचकांचे प्रश्न : तापल्या तारेने पंख कापताना

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे पाच विद्यार्थी रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे नमुने बनवतो. थर्माकोलचे पंख प्लायच्या साच्यांवरून तापलेली तार फिरवून हाताने कापतो, पण डावा व उजवा पंख कधीच सारखा येत नाही. संगणकावर चालणारे यंत्र थोडक्या पैशात स्वतः करता येईल का, आणि काटकसर कोठे करावी? — एक वाचक, सांगली

उत्तर : करता येईल, आणि काटकसर सांगाड्यात करावी, तारेत नव्हे. तापलेली तार समोरचा थर्माकोल वितळवत पुढे सरकते, त्याला रेटत नाही. म्हणून यंत्रावर जोर जवळजवळ येतच नाही. प्लायचा सांगाडा, कपाटाच्या खणांना लावतात ती चॅनेल, ८ मिलीमीटरची आटेदार सळई आणि नेमा १७ या ठरावीक मापाच्या चार स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटरी एवढ्यावर भागते. सळईच्या एका फेऱ्यात तारेचे टोक वाहणारी गाडी १.२५ मिलीमीटर सरकते, आणि मोटर त्या फेऱ्याची २०० पावले करते, म्हणजे सरकणे पुरेसे बारीक होते. नटातली ढिलाई मात्र दोन नट व त्यांच्यामध्ये दाबलेली स्प्रिंग बसवून काढा. चालवायला आर्डुइनो मेगा हा छोटा नियंत्रक बोर्ड, त्यावर मोटरी जोडायचा रॅम्प्स बोर्ड आणि मोटरींना हुकूम देणारी, मेगासाठी वाढवलेली जीआरबीएल ही संगणक-प्रणाली पुरते.

मोटरी चार लागतात, कारण तारेचे प्रत्येक टोक पुढे-मागे आणि वर-खाली स्वतंत्रपणे हलले पाहिजे. तुमचे पंख बहुधा येथेच बिघडतात. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या १९७५ सालच्या व्हॅरीइझी या घरी बांधायच्या विमानाचे पंख घरोघरच्या हौशी लोकांनी अशाच तारेने कापले. साच्यांवर आकडे लिहिलेले असत आणि दोन टोकांचे दोघे ते मोठ्याने म्हणत एकमेकांशी मेळ राखत. यंत्र हा मेळ आपोआप राखते, मात्र त्याला भूमिती नीट सांगावी लागते. समजा, पंख मुळाशी २५० व टोकाशी १५० मिलीमीटर रुंद, ६०० मिलीमीटर लांब आहे आणि तारेची टोके धरणाऱ्या, ९०० मिलीमीटर अंतरावरच्या दोन खांबांच्या बरोबर मधोमध त्याचा थर्माकोलचा ठोकळा ठेवला आहे. मग मुळाकडच्या खांबावर तार २७५ मिलीमीटर, तर टोकाकडच्या खांबावर १२५ मिलीमीटरच सरकली पाहिजे. ठोकळ्याची मापे जशीच्या तशी खांबांना दिली, तर पंख चुकीचाच निघणार.

आता तारेकडे वळू. ०.३ मिलीमीटर जाडीच्या ९० सेंटिमीटर नायक्रोम (निकेल-क्रोमिअम मिश्रधातूच्या) तारेचा रोध सुमारे १४ ओहम भरतो. २४ व्होल्ट दिल्यास सुमारे १.७ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ४० वॅट उष्णता मिळते. एवढी उष्णता पुरेशी असते. ती कमी-जास्त करण्यासाठी वेगळे मॉस्फेट मॉड्यूल (प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरा, आणि हे २४ व्होल्ट रॅम्प्सला देऊ नका, त्याला १२ व्होल्टच द्या. तापल्यावर ही तार तीनएक मिलीमीटर लांबते, शिवाय एक टोक दुसऱ्याच्या १०० मिलीमीटर पुढे गेले की खांबांमधले तिरपे अंतर साडेपाच मिलीमीटरने वाढते. एका टोकाला मऊ, लांब स्प्रिंग नसेल तर तार एकदा झोळते आणि एकदा तुटते. झोळलेली तार ठोकळ्याच्या मध्यभागी मागे रेंगाळते आणि पंखाच्या पुढच्या कडेचा गोलवा चपटा होतो. मोटरी कितीही महाग घेतल्या तरी हा दोष जात नाही.

आणखी एक गोष्ट. मुळाशी तार सेकंदाला ४ मिलीमीटर सरकते, तेव्हा टोकाशी २.४ मिलीमीटरच, तेथे ती जास्त वेळ रेंगाळते आणि खाच, म्हणजे तारेने वितळवलेली फट, रुंद होते. दोन्ही वेगांनी २० मिलीमीटरची एकेक पट्टी कापून व्हर्निअरने मोजा. पट्टी १८.८ भरली, तर खाच १.२ मिलीमीटर आहे आणि तारेचा मार्ग सगळीकडून ०.६ मिलीमीटर बाहेर सरकवावा लागेल. दोन्ही टोकांसाठी हा आकडा वेगवेगळा द्या.

प्रश्न : याच यंत्रावर दुसरे फोम चालतील का? — त्याच पत्रातून

उत्तर : इन्सुलेशनसाठी मिळणारा रंगीत एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन थर्माकोलपेक्षा सफाईदार कापला जातो; खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवून कापा. पीव्हीसी फोममधून हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि पॉलियुरेथेन नीट वितळत नाही, जळतो आणि विषारी धूर सोडतो. हे दोन्ही तारेखाली घालू नका. रुटान यांच्या आराखड्यांतही युरेथेन फोम सुरीने आणि घासून घडवायचा असे.