जुळी लेकरं, एक शाळा की दोन?

प्रश्न : आमची जुळी लेकरं अमळनेर तालुक्यातल्या गावी जिल्हा परिषद शाळेत चौथीला आहेत. शाळा सातवीपर्यंत आहे. मुलगी गणितात पटाईत, मुलगा मात्र अडखळत वाचतो. आबा (सासरे) म्हणतात, "पोराला आत्ताच तालुक्याला इंग्लिश मिडियमला टाका. पोरगी हुशार आहे, ती गावातच शिकेल." काय करू?

उत्तर : ताई, आबा मायेपोटीच बोलत असतील, पण यात दोन्ही लेकरांचं नुकसान आहे. मराठी धड वाचता न येणाऱ्या मुलापुढे सगळी पुस्तकं इंग्रजीत आली की तो पाठांतरावर दिवस काढतो. सहावीपर्यंत ते खपतं. पुढे बीजगणित आलं की गाडी अडते, आणि तोवर मराठीही हातची गेलेली असते.

आधी तो का अडखळतो ते बघा. त्याला एक गोष्ट वाचून दाखवा आणि मग "काय जयं?" (काय झालं?) असं अहिराणीतच विचारा. सगळं नीट सांगितलं तर समज पक्की आहे, अडचण वाचनाची आहे. मग दुसरीच्या पुस्तकातला छोटा उतारा रोज १० मिनिटं, बोट ठेवून, मोठ्यानं. तोच उतारा तीन दिवस. दोन-तीन महिन्यांनीही अक्षरं उलटीपालटी होत असतील, जोडाक्षरं गळत असतील, तर डोळे-कान तपासा आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र असलं की दहावीच्या बोर्डाला वाढीव वेळ आणि लेखनिकाची सवलत मागता येते. हे काम दहावीच्या वर्षावर ढकलू नका.

मुलीला पाचवी गावातच करू द्या. पाचवीत नवोदयचा (केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा) फॉर्म भरायचा असतो. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. पाचवीलाच शहरात नेलं की तो हक्क गेला. पेपर २ तासांचा, ८० प्रश्नांचा, आणि १०० पैकी ५० गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीचे. म्हणून निव्वळ गणितावर विसंबू नका, आकृत्यांचा सराव आत्तापासून हवा. ही संधी एकदाच मिळते.

नवोदय झालं नाही, तर माझं स्पष्ट मत : तालुक्याला एकाच अनुदानित संस्थेची शाळा, पण मुलगी सेमीच्या (गणित-विज्ञान इंग्रजीत) तुकडीत आणि मुलगा मराठी माध्यमाच्या. एस.टी. एकच, आणि एका बाकावरची रोजची तुलना थांबते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत असतो, मुलाला साधारण एकतृतीयांश भाडं पडतं. अनुदानित म्हणण्याला आणखी एक कारण आहे. आठवीत एन.एम.एम.एस. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला किमान ५५ टक्के असतील तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही.

शाळा निवडताना फाटकावरच्या "१०० टक्के निकाल" या फलकावर जाऊ नका. विचारा : नववीच्या पटावर किती मुलं होती आणि दहावीला किती बसली? मधली मुलं गेली कुठे? काही ठिकाणी कच्च्या मुलाला नववीनंतर दाखला हातात देऊन, बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात. तुमच्या मुलासाठी याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. दुसरं, मागच्या बाकावरच्या मुलाची वही बघायला मागा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत की चूक कुठे झाली ते लिहून दिलंय? तिसरं, गणिताचे शिक्षक कायम आहेत की दरवर्षी बदलतात?

आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेऊन नाकारायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. कोणी परीक्षा घेऊ म्हणालं तर हे सांगा.

शाळा बघायला जाताना आबांना सोबत न्या, आणि १७ नंबरचं त्यांनाच विचारू द्या.