बेळगावच्या आसपास ट्रेल रायडिंगसाठी (डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवायला) स्टीलची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, सायकलची फ्रेम घ्यायची आहे. 4130 घ्यावी की रेनॉल्ड्स 853?

तुम्ही लिहिलंय की वजन 82 किलो, उंची 5 फूट 9 इंच, आणि चालवणं राजहंसगड, वैजनाथ, जांबोटी या बाजूला. एवढ्यावर फ्रेम बरीचशी ठरते. त्यात ट्यूबवर कुठला स्टिकर आहे हा मुद्दा माझ्या हिशेबात पहिल्या चारांतसुद्धा येत नाही. थेट उत्तर हवं असेल तर 4130 ची, बरोबर भूमितीची (कोन आणि लांब्यांची) फ्रेम घ्या आणि वाचलेले पैसे फोर्कवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या चिमट्यावर, घाला.

आता कारणं. 4130 म्हणजे क्रोमोली: लोखंडात साधारण 1 टक्का क्रोमियम आणि 0.2 टक्क्याच्या आसपास मॉलिब्डेनम. रेनॉल्ड्स 853 ही बर्मिंगहॅमच्या कंपनीची एअर-हार्डनिंग ट्यूब. वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळचा भाग कमजोर पडण्याऐवजी कणखर होतो. तिची ताणशक्ती 1250 ते 1400 मेगापास्कल सांगितली जाते, साध्या क्रोमोलीची 800 च्या आसपास. आकडा भारी दिसतो, पण ताकद वेगळी आणि ताठरपणा वेगळा. ताठरपणाच्या बाबतीत सगळी पोलादं एकाच माळेची, 200 गिगापास्कलच्या आजूबाजूला. 853 चा फायदा एवढाच की ट्यूब जास्त पातळ ओढता येते आणि फ्रेम थोडी हलकी होते. त्यातही बऱ्याच फ्रेममध्ये 853 फक्त डाउन ट्यूबला (हँडलखालून पेडलांकडे उतरणारी नळी) किंवा पुढच्या त्रिकोणाला असते. मागचे स्टे (मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या) साध्या क्रोमोलीचेच. स्टिकर लावताना हे कोणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

दुसरं, 'स्टील मऊ चालतं' ही समजूत. जुन्या, बारीक ट्यूबांच्या फ्रेमबद्दल ती थोडीफार खरी असेल. आजच्या 130 मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कच्या ट्रेल हार्डटेलला ट्यूबा जाड लागतात, कारण फ्रेमला चाचण्यांत टिकायचं असतं. खड्ड्यात चाक आदळलं की मागचा त्रिकोण जेमतेम वाकतो. टायर मात्र चांगला सेंटिमीटरभर दबतो. त्यामुळे 29 × 2.4 इंचांचा ट्यूबलेस टायर आणि मागे 23-25 पीएसआय हवा, यातून कंबरेला जो आराम मिळेल तो कुठल्याही मिश्रधातूतून मिळणार नाही.

मग स्टील घ्यायचंच कशाला? माझ्या मते आपल्या गावात त्याला एकच भक्कम कारण आहे, आणि ते उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आहे. फाउंड्री, मशीन शॉप, आर्गॉन वेल्डिंग, पावडर कोटिंग, सगळं एका आवारात मिळणारी गावं फार नाहीत. 6061 अॅल्युमिनियमची फ्रेम सांध्याला तडकली तर नुसतं वेल्डिंग करून भागत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथली ताकद निम्म्यावर येते आणि पुन्हा भट्टीत हीट ट्रीटमेंट द्यावी लागते. क्रोमोलीचा हँगर (मागची गिअरची यंत्रणा लटकते तो भाग) वाकला, केबलचा गाईड तुटला, सीट ट्यूबला (खोगिराखालची उभी नळी) वरच्या बाजूला चीर गेली, तर हात बसलेला आर्गॉनवाला ते सांधून देतो. फक्त त्याला आधी सांगा की ट्यूबची भिंत मध्यभागी 0.6 आणि टोकाला 0.9 मिलिमीटरच्या घरातली आहे. नुसता सायकलचा पाइप म्हटलं की तो गेटच्या पाइपाचा अंदाज धरतो. चांगला कारागीर ऐकूनच म्हणतो, 'हे आर्कनं जमत नाही गा, भोक पडतंय.' असं म्हणणाऱ्याकडेच द्या. डाउन ट्यूब हेड ट्यूबपाशी (हँडलखालची पुढची आखूड नळी) तडकली असेल तर मात्र वेल्डिंगच्या नादाला लागू नका. तो भाग गेला की उतारावर तोंडावर पडायची वेळ येते.

आता खरा मुद्दा, भूमिती. हार्डटेलमध्ये एक गंमत असते जी फुल सस्पेन्शनवाल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही सायकलवर बसलात की फक्त पुढचा फोर्क दबतो, मागचं काही दबत नाही. म्हणजे अख्खी सायकल पुढे झुकते. दर 20 मिलिमीटरला हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, साधारण एका अंशानं उभा होतो. 130 च्या फोर्कला 30 मिलिमीटर सॅग (बसल्यावर दबणं) धरा: कागदावरचे 65 अंश प्रत्यक्षात साडेसहासष्ट होतात. म्हणून फुल सस्पेन्शनच्या तक्त्याशी हार्डटेलचा तक्ता तोलू नका. वैजनाथच्या उतारावर सुटे दगड आणि मध्येच उघडे पडलेले कातळ, तिथं 64.5 ते 65.5 चा हेड अँगल मला पटतो. 68 चा घेतलात तर तीव्र उतारावर पुढचं चाक पोटाखाली आल्यासारखं वाटतं.

सीट अँगल (सीट ट्यूबचा जमिनीशी कोन) 75 अंशांच्या पुढे असावा. आपल्याकडे आधी चढ मग उतार असाच मामला, लिफ्ट कोणी लावून देत नाही. उभ्या सीट अँगलला चढावर पुढचं चाक उचलत नाही, आणि सॅगमुळे तोही एकदीड अंश आणखी उभा होतो. तुमच्या उंचीला रीच (पेडलांच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) 440 ते 460 मिलिमीटर बघा. सीट ट्यूब आखूड हवी, 430 च्या आत, म्हणजे 150 मिलिमीटरचा ड्रॉपर (चालता चालता खोगीर खाली-वर करणारा सीटपोस्ट) आरामात बसतो. ड्रॉपरशिवाय हार्डटेलवर ट्रेल करणं मला तरी पटत नाही. मागचं चाक उसळलं की खोगीर पोटात बसतं. चेनस्टे (पेडलांपासून मागच्या ॲक्सलपर्यंतची खालची नळी) 425 ते 435, याहून आखूड असेल तर टायरला जागा कमी पडते.

आणि फोर्क 'थोडा मोठा' टाकायचा मोह आवरा. कंपनीनं कमाल 140 सांगितलं असेल तर 160 लावू नका. बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो ती जागा) सात-आठ मिलिमीटर वर जातो ते एक वेळ चालेल, पण जास्तीचा ताण नेमका हेड ट्यूबच्या सांध्यावर येतो.

टायरच्या जागेबद्दल इथं जरा थांबतो, कारण ही गोष्ट परदेशी परीक्षणांत आपल्या कामाची नसते. जांबोटी-कणकुंबीकडे जांभ्याची लाल माती. पावसात निसरडी होते, पण चिकटून बसत नाही. तुम्ही पूर्वेला निघालात, बैलहोंगल-सौंदत्तीकडे, की काळी माती सुरू. पहिल्या वळवानंतर ती चाकाला अशी धरते की स्टे आणि टायरच्या मध्ये थापी बसून चाक फिरायचंच थांबतं. माती बांधावरच्या काडीनं खरवडून काढत चालत घरी यायचं. म्हणून 2.4 चा टायर बसवून दोन्ही बाजूंना निदान 7-8 मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. '2.4 मावतो' एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नका, हे वेगळं सांगायला नको.)

मापांचं थोडक्यात. हेड ट्यूब 44 मिलिमीटर आतल्या व्यासाची असली तरी चालते. खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड (वर बारीक, खाली जाड दांड्याचा) फोर्क बसतो. मागचा ॲक्सल 148 × 12 मिलिमीटर, ज्याला बूस्ट म्हणतात तो. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, 73 मिलिमीटर. प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेला) असेल तर सोडून द्या, पावसाळ्यात करकर करत बसेल. सीटपोस्ट 30.9 किंवा 31.6, कारण 27.2 मध्ये ड्रॉपरचे पर्याय फारच थोडे.

गंज. क्रोमोलीत क्रोमियम आहे म्हणून ती गंजत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. स्टेनलेस व्हायला निदान साडेदहा टक्के लागतं. खानापूरच्या पावसात पाणी सीटपोस्टच्या फटीतून उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं, आणि फ्रेम आतून खाल्ली जाते. बाहेरचा रंग शाबूत असतो म्हणून कळतही नाही. उपाय स्वस्त आहे. फ्रेम नवीन, रिकामी असताना हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल प्रत्येक ट्यूबमध्ये ओता, फ्रेम सगळीकडे फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. आत पातळ पापुद्रा धरतो. ज्या चिंधीनं पुसाल ती घडी करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून उन्हात वाळवा. बॉटम ब्रॅकेटखाली निचऱ्याचं भोक आहे का बघा, असल्यास ते चिखलानं बुजू देऊ नका. पावसात चालवून आलात की सीटपोस्ट काढून सायकल उलटी ठेवायची.

नावं हवी असतील तर सर्ली कराटे मंकी, कोना होन्झोची स्टीलवाली आवृत्ती, रॅगली बिग विग, आणि 853 वापरणारी कॉटिक बीएफई. कराटे मंकी जास्त भटकंतीकडे झुकलेली, बिग विग आणि बीएफई उताराकडे. तुमच्या वापराला मी बिग विगच्या जातीची फ्रेम निवडेन. वजनाची अपेक्षा आधीच ठरवून ठेवा: अशी फ्रेम अडीच ते तीन किलो भरते, अॅल्युमिनियमची दोनच्या आसपास. किंमत काढताना आयात शुल्क आणि कुरिअर धरून काढा, नाहीतर स्वस्त दिसलेली फ्रेम दारात येईपर्यंत महाग झालेली असते. आणि दुकानात नुसतं 'स्टील' म्हणून दाखवतात ती हाय-टेन्साइल फ्रेम या कामाची नाही. ताकदीसाठी तिच्या ट्यूबा जाड ठेवाव्या लागतात आणि सगळी सायकल जड होऊन बसते.

जुनी मिळत असेल, पुण्याहून किंवा गोव्याहून, तर दोऱ्यानं तपासा. मागच्या डाव्या ड्रॉपआउटपासून (ॲक्सल बसतो ती जागा) दोरा हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एक मिलिमीटरचा फरक सोडून द्या, चार असेल तर फ्रेम वाकलेली आहे. डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला, हेड ट्यूबपासून चार बोटांवर, हात फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर सौदा तिथंच थांबवा.

रंग नव्यानं करायचा असेल तर पावडर कोटिंग बिनधास्त करा. 200 अंशांच्या भट्टीनं क्रोमोलीला काही होत नाही. फक्त रंग काढायला फ्रेम कास्टिंगच्या शॉट ब्लास्टमध्ये टाकू देऊ नका. ते छर्रे बिडाच्या हाउसिंगसाठी असतात, 0.6 च्या ट्यूबला पोचे पाडतील. केमिकलनं काढायला सांगा, आणि बॉटम ब्रॅकेटचे आटे व हेड ट्यूबच्या आतल्या कडा भट्टीत जाण्याआधी टेपनं झाकून घ्या.