दुष्काळात झाड तहानेनं मरतं की उपाशी?
दोन्ही होतं. पाणी कमी पडलं की झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटतं, पाणी वाचतं पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही म्हणजे अन्न बनणं थांबतं, आणि जमीन कोरडीच राहिली तर खोडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात मग पाणी वर चढतच नाही. आपला विदर्भातला साग उन्हाळ्यात पानंच टाकून देतो, लोकांना वाटतं वाळला, तोडू नका हो, जिवंत असतो तो! कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात पाइनची झाडं इतकी अशक्त झाली की किडे अडवणारा चीक कमी पडला, साल पोखरणारे भुंगे घुसले, १० कोटींवर झाडं गेली. त्यात तापमान वाढलं की हवाच पानांतलं पाणी जास्त ओढते, म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी झाडाला कमीच पडतो.