'वर्गीकरण' की 'क्रमवारी'? आणि 'मर्ज'ला काय म्हणावं?

नाशिकच्या एका तंत्रनिकेतनातील शिक्षकांचा प्रश्न आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत त्यांनी 'दोन बायनरी फाइलींतील नोंदींचे विलीनीकरण व वर्गीकरण करणाऱ्या प्रोग्रामची चाचणी' असं शीर्षक दिलं आहे. शब्द बरोबर आहेत का, असं ते विचारतात.

'चाचणी' आणि 'नोंद' हे शब्द चोख आहेत. मधले दोन मात्र बदला. विद्यार्थी काय तपासायचं ते शीर्षकावरून ठरवतो, आणि इथे शीर्षक त्याला चुकीच्या वाटेला लावतं.

वर्गीकरण म्हणजे गट पाडणं. लासलगावच्या बाजारात कांद्याची गोल्टी वेगळी काढतात ती प्रतवारी. तीही गटांचीच, आणि एका गटातला कोणता कांदा आधी याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. प्रोग्राम जे करतो ती क्रमवारी, म्हणजे इंग्रजीतलं 'सॉर्ट': प्रत्येक नोंदीला तिच्या आधीची आणि नंतरची नोंद ठरलेली. म्हणून तपासणीही शेजारच्या जोड्यांची करायची. निकालाची फाइल वाचत जा आणि प्रत्येक नोंदीचा क्रमांक आधीच्या नोंदीपेक्षा लहान नाही ना, ते पाहा.

'विलीनीकरण' त्याहून घातक. संस्थानं विलीन झाली तेव्हा त्यांचं वेगळं अस्तित्व संपलं. इथे एकही नोंद विरघळता कामा नये. 'एकत्रीकरण' म्हटलं तर एका फाइलीमागे दुसरी जोडली की काम झालं असं वाटतं. 'मर्ज' म्हणजे दोन्ही क्रमवार फाइलींच्या तोंडाशी असलेल्या नोंदींची तुलना करून लहान असेल ती पुढे घेत जाणं, याला मी 'क्रमाने गुंफणे' म्हणेन. वर्गात बोलताना खुशाल 'मर्ज करणे' म्हणा, सगळे तेच म्हणतात. शीर्षक असं करा: 'दोन बायनरी फाइलींतील नोंदी क्रमाने गुंफणाऱ्या प्रोग्रामची चाचणी'. 'बायनरी'ला, म्हणजे मजकुराऐवजी कच्चे बाइट साठवणाऱ्या फाइलीला, 'द्विमान' करू नका. तो शब्द संख्यापद्धतीला शोभतो, फाइलीला नाही.

पडताळणीसाठी मराठीत एक फार चांगला शब्द पडून आहे: ताळा. गणिताच्या उत्तराचा ताळा पाहतात तसा इथेही पाहता येतो. समजा नोंद ३२ बाइटांची आहे: क्रमांक ४, नाव २०, रक्कम ८. फाइलीला शीर्षभाग (नोंदींच्या आधीचा माहितीचा तुकडा, 'हेडर') नसेल तर प्रत्येक फाइलीच्या आकाराला ३२ने नि:शेष भाग गेला पाहिजे आणि निकालाचा आकार दोन्ही फाइलींच्या बेरजेइतका असला पाहिजे. बरोब्बर ३२ बाइट जास्त आले, तर नोंद वाचण्याआधीच फाइल संपल्याची खूण तपासणारं चक्र ('लूप') शोधा. ती खूण वाचन फसल्यावरच उमटते, त्यामुळे शेवटची नोंद दोनदा लिहिली जाते. किती नोंदी वाचल्या गेल्या, हा वाचणाऱ्या फंक्शनने परत दिलेला आकडाच चक्राची अट हवा.

क्रमांकांची बेरीज जुळणं हाही ताळा, पण कच्चा. ३ आणि ५ हरवून त्यांच्या जागी ४ दोनदा आला तरी बेरीज तीच राहते.

नमुन्याच्या नोंदी निवडताना १० आणि २६ हे क्रमांक मुद्दाम घ्या. विंडोजवर फाइल चुकून मजकूर-पद्धतीने ('टेक्स्ट मोड') उघडली तर लिहिताना १० या बाइटाआधी १३ घुसतो आणि नोंद ३३ बाइटांची होते. २६ आला की वाचन तिथेच थांबतं. २५६ही हवाच. इंटेलच्या प्रोसेसरवर कमी किमतीचा बाइट आधी लिहिला जातो: १ म्हणजे ०१ ०० ०० ००, तर २५६ म्हणजे ०० ०१ ०० ००. तुलना पूर्णांकांऐवजी कच्च्या बाइटांची होत असेल तर २५६ हा १च्या आधी येऊन बसतो. १ ते ५० क्रमांकांवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. रिकामी फाइल, एकाच नोंदीची फाइल आणि मध्येच तुटलेली फाइल ही नेहमीची मंडळी आहेतच.

समान क्रमांकाच्या नोंदींचा आधीचा क्रम न बदलणाऱ्या क्रमवारीला 'स्टेबल' म्हणतात. त्यासाठी 'स्थिर' लिहू नका. 'स्थिर प्रोग्राम' म्हणजे बंद न पडणारा, असं वाचलं जातं. 'मूळ क्रम राखणारी क्रमवारी' लिहा. दोन्ही फाइलींत क्रमांक ७ची नोंद ठेवा, नावं वेगळी द्या. पहिल्या फाइलीची नोंद आधी यायला हवी. तुलनेत 'लहान किंवा समान' ऐवजी नुसतं 'लहान' लिहिलं असेल तर उलटं होतं. क्रम अचूक, आकार अचूक, तरी निकाल चूक.

आता नावांचा रकाना. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'सिन्नर' १८ बाइटांत बसतं. 'इगतपुरी'ला २१ लागतात, म्हणजे शेवटची वेलांटी कापली जाऊन तिथे चौकोन दिसतो. रकाना २१ केला तर बेरीज ३३ होते खरी, पण सर्वसाधारण ६४-बिट कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) रक्कम ८च्या पटीवर बसवण्यासाठी मध्ये रिकामे बाइट सोडून नोंद ४० बाइटांची करतो. आकाराचा ताळा तेव्हा ४०ने घ्यायचा.

क्रम नावांवरून लावायचा असेल तर आणखी एक गोम. आपल्या वर्णमालेत ळ हा ह-नंतर येतो, म्हणून आधी कसारा, मग कळवण. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, ळ हा ल-च्या लगेच पुढे आहे, त्यामुळे बाइटांच्या तुलनेत कळवण आधी येतं. अपेक्षित निकाल यांपैकी कोणत्या क्रमाने धरला आहे, ते चाचणीच्या कागदावर आधीच लिहून ठेवा. नाहीतर एकाच निकालाला एक परीक्षक पास करील आणि दुसरा नापास.