शुद्ध जातीचे पिल्लू घ्यावे की संकरित?

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सत्तरीच्या सासूबाई आणि सहावीतला मुलगा आहे. एका विक्रेत्याकडे लॅब्रेडॉरचे पाच आठवड्यांचे पिल्लू कागदपत्रांसह मिळत असून, या रविवारीच घेऊन जा, असा त्याचा आग्रह आहे. दिंडोरीला माझ्या मावसदिरांच्या द्राक्षबागेवर लॅब्रेडॉर मादी आणि जर्मन शेफर्ड नर यांची पिल्ले झाली आहेत. संकरित कुत्रे सहसा आजारी पडत नाही, असे ते म्हणतात. आम्ही कोणते घ्यावे?
(एक वाचक भगिनी)

उत्तर : संकरित म्हणजे काटक, ही समजूत आपल्याकडे शेतीतून आली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. एखादा अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, जनुकीय दोष आई-बापांपैकी एकाच्याच जातीत असेल, तर संकरित पिल्लात तो सहसा प्रकट होत नाही. मात्र संकरित बियाणे तयार करताना नर आणि मादी वाण पारखून घेतात. बागेवर जमलेली जोडी अशी कोणी पारखलेली नसते. शिवाय दोष दोन्ही जातींत असेल, तर संकराचा आधार उरत नाही, आणि तुमच्या बाबतीत नेमके तेच आहे. खुब्याचा सांधा सैल राहून पुढे झिजत जाण्याचा विकार, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या दोन्ही जातींत आढळतो.

कागदपत्रांचेही तसेच. केनेल क्लबचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, प्रकृतीची हमी देत नाही. शुद्ध जातीचा खरा फायदा अंदाज बांधता येण्यात आहे : लॅब्रेडॉर साधारण २५ ते ३६ किलोंचा होणार, केस भरपूर गळणार, खाण्यावर तुटून पडणार, हे आधीच ठाऊक असते. संकरित पिल्लांत एकाच वेतातले एक आल्यागेल्याच्या गळ्यात पडणारे, तर दुसरे परक्या माणसावर नजर रोखणारे निघू शकते. अर्थात, तीस किलोंचे कुत्रे प्रेमाने अंगावर झेपावले, तर सासूबाईंना त्याच्या जातीशी काही कर्तव्य नसेल. तेव्हा पिल्लू शुद्ध असो वा संकरित, त्याला शिस्त लावावी लागेलच.

तरीही त्या विक्रेत्याकडचे पिल्लू घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे नाही, हे शिकते, आणि सहावीतल्या मुलाच्या घरी त्याला या धड्याची गरज आहे. जो हा नियम मोडायला तयार आहे, त्याने आई-बापांची निवड काळजीने केली असेल, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

दिंडोरीला मात्र अवश्य जा आणि पिल्लांआधी त्यांची आई पाहा. ती बसलेली उठताना पुढच्या पायांवर भार देऊन मागचा भाग ओढते का, पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकते का, अनोळखी माणसाने पिल्लांजवळ उभे राहिल्यावर गुरगुरते की शांत राहते, हे नीट पाहावे. नर जवळच असेल, तर त्यालाही असेच चालताना पाहा. दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढायला दीर तयार झाले, तर उत्तमच. तो पशुवैद्यकाकडून, जनावर वर्षापेक्षा मोठे असताना काढलेला असावा.

आई-बाप ठीक वाटल्यास आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, जंताचे औषध आणि पहिली लस देऊन पिल्लू आणा. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या वावरण्याच्या जागी रबरी चटया अंथरा, आणि पहिले काही महिने त्याला जिन्यावरून उचलूनच न्या-आणा.