नाचणीची भाकरी आणि बदललेलं मूत्रपिंड

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांचं मूत्रपिंड बदलून आठ महिने झाले. शरीरानं ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस ही गोळी चालू आहे. कॅल्शियममुळे प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात, असं वाडीतल्या एका काकांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून भावोजींनी नाचणीची भाकरी आणि दूध सोडलंय. सासूबाई धास्तावल्यात. काय करावं? – एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, काका वाचतात चांगलं, पण अर्ध्यावर थांबतात.

खाजणातला बांध डोळ्यांपुढे आणा. बाहेर खारं पाणी, आत भातशेती, मध्ये उघाडी, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार. टी-पेशी ही प्रतिकारशक्तीची पेशी; तिच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट असतं. परकं काही ओळखलं की पेशीची उघाडी उघडते आणि कॅल्शियम आत घुसतं. (आपली उघाडी भरतीला मिटते, ही उघडते, उपमा तेवढी सांभाळून घ्या.) आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी कॅल्सिन्युरिन या एन्झाइमला कामाला लावते. ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट उतरवतं. मग एनफॅट पेशीच्या केंद्रकात शिरतं, पेशींना वाढायचा निरोप देणारं इंटरल्युकिन-2 तयार होऊ लागतं, पेशींची फौज वाढते आणि नव्या मूत्रपिंडावर चालून जाते.

भावोजींची गोळी या कॅल्सिन्युरिनलाच अडवते. उघाडी सताड उघडी असली तरी पुढचं काम खोळंबतं. हे औषध 1984 साली जपानातल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. ते अडवतं कुणाला, हे कळायला 1991 उजाडलं.

आता भाकरी. एक खा नाहीतर तीन, रक्तातलं कॅल्शियम शरीर दर डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्येच धरून ठेवतं. उघाडी उघडते ती परक्याच्या ओळखीनं, नाचणीनं नव्हे. उलट सोबत स्टेरॉइड चालू असेल तर हाडं ठिसूळ होतात. दूध तोडणं म्हणजे दुहेरी नुकसान. फॉस्फरस-पोटॅशियमचे रिपोर्ट तेवढे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवा.

खरी भीती मला पपनसाची वाटते. गणपतीत घरोघरी असतं, मलाही फार आवडतं. पण त्यानं टॅक्रोलिमसचं विघटन मंदावतं, रक्तातली पातळी चढते आणि जादा औषध त्याच मूत्रपिंडाला मारतं. भावोजींना फोडसुद्धा देऊ नका. सुकटही बेताचीच, मिठामुळे.

आणि पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी खिशात घेऊन जायची, रक्त दिल्यावरच घ्यायची. सासूबाईंना म्हणावं, तवा चढवा.