वाचकांचे प्रश्न : घरच्या मीटरवर बिटकॉइन मायनिंग परवडतं का?

प्रश्न : ताई, माझ्याकडे गेमिंगसाठी घेतलेला कॉम्प्युटर आहे, त्यात आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आहे. दिवसभर तो बंदच असतो. शिवाय एक मित्र त्याचं मायनिंगचं जुनं अँटमायनर एस९ मशीन अगदी कमी किमतीत द्यायला तयार आहे. दोन्ही चोवीस तास चालवली तर वीजबिल जाऊन हातात काही उरेल का? की कर्ज काढून सरळ नवीन मशीन घ्यावं?

उत्तर : मशीनची किंमत, बिटकॉइनचा भाव, कर्जाचा हप्ता हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. एकच आकडा काढा : तुमचं मशीन एका युनिट विजेत किती सातोशी मिळवून देतं? एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. हा आकडा हातात आला की भावाच्या चढउताराने डोकं भणभणत नाही.

हिशेब असा. मायनिंग म्हणजे मशीनला सतत गणिती कोडी सोडवायला लावून बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद करायची संधी आणि तिचं बक्षीस मिळवणं. बिटकॉइनच्या जाळ्यात साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, तयार होतो, म्हणजे दिवसाला सुमारे १४४. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. जगभरातल्या सगळ्या मायनर्सनी मिळून दिवसाला वाटून घ्यायचे ते हे ४५० बिटकॉइन. व्यवहार शुल्काची थोडी भर पडते, पण ती बरीचशी पूलच्या, म्हणजे मशीनं एकत्र करून कमाई वाटून घेणाऱ्या गटाच्या, कमिशनमध्ये जाते, म्हणून मी ती धरत नाही. आता वाटा कसा ठरतो? एकूण हॅशरेटमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांच्या मिळून कोडी सोडवण्याच्या वेगात, तुमच्या मशीनचा हिस्सा जितका, तितका तुमचा वाटा. २०२५ मध्ये एकूण हॅशरेटने १,००० एक्साहॅशचा टप्पा ओलांडला. एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. हिशेबाला सोपा म्हणून हाच आकडा धरू.

तुमचा मित्र देतोय ते एस९ मशीन २०१६ सालचं. साडेतेरा टेराहॅश, आणि वीज सुमारे १,३५० वॅट. दिवसाला ३२ युनिटांच्या थोडं वर, महिन्याला साडेनऊशेहून जास्त युनिटं. त्या बदल्यात दिवसाला जेमतेम ६०० सातोशी. युनिटमागे १९ सुद्धा भरत नाहीत. २०२० सालचं एस१९, ९५ टेराहॅशचं, ३,२५० वॅटचं, युनिटमागे ५५ च्या आसपास देतं. २०२४ मध्ये बाजारात आलेलं एस२१, २०० टेराहॅशचं, ३,५०० वॅटचं, १०७ पर्यंत जातं.

आता तुमचं शेवटचं वीजबिल काढा. स्थिर आकार, कर, सगळं धरून आलेल्या एकूण रकमेला युनिटांनी भागा. वर छापलेला दर घेऊ नका. जिथे टप्प्यांप्रमाणे दर वाढतो तिथे मायनिंगची युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यात पडतात, तेव्हा तोच दर धरा. एका युनिटच्या पैशांत एक्स्चेंजवर आज किती सातोशी विकत मिळतात ते बघा. समजा २०० मिळाले. मग एस२१ सुद्धा तुम्हाला विकत घेतल्यापेक्षा महाग बिटकॉइन देतंय, आणि त्यात मशीनची किंमत अजून धरलेलीच नाही. ५० मिळाले तर एस२१ चा विचार करता येईल. एस९ मात्र दोन्ही वेळा बाद. मित्राने ते फुकट दिलं तरी घेऊ नका. बिल तुमच्या नावाने येणार आहे.

हा आकडा स्थिर राहत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळं स्वतःची डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक मिळवणं किती अवघड ते, बदलतं. जगात कुठेतरी स्वस्त विजेच्या शेजारी हजारो नवी मशीनं लागली की घरातल्या मशीनचा वाटा आपोआप घटतो. २०२४ च्या मध्याला एकूण हॅशरेट ६०० एक्साहॅशच्या आसपास होता. तेव्हा हेच एस२१ युनिटमागे १७८ सातोशी देत होतं. मशीन तेच, वीज तितकीच, वर्षभरात १०७. वाटायचं तेवढंच आणि वाटेकरी वाढलेले. त्यात २०२८ च्या सुमारास ब्लॉकचं बक्षीस पुन्हा निम्मं होईल. हॅशरेट अजिबात बदलला नाही असं धरलं तरी १०७ चे ५३ होतील. भाव वाढला तर वाचाल, असं लोक म्हणतात. पण भाव वाढणार अशी खात्री असेल तर त्याच पैशांत आज नाणंच विकत घेणं जास्त फायद्याचं, कारण नाण्याची डिफिकल्टी वाढत नाही आणि त्याचा पंखाही जळत नाही.

म्हणून कर्ज काढून मशीन घेऊ नका. हप्ता दर महिन्याला तेवढाच राहतो, मशीनची कमाई मात्र सातोशीच्या हिशेबात महिन्यामागून महिना खाली येते. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही हाच हिशेब करून येतं.

पूलमध्ये न जाता एकट्याने नशीब आजमावायचं मनात असेल तर तेही सांगते. १,००० एक्साहॅशच्या जाळ्यात एस९ ला एक ब्लॉक सापडायला सरासरी सुमारे १,४०० वर्षं लागतील. एस२१ ला ९५.

आता तुमच्या ग्राफिक्स कार्डाकडे येते, कारण त्याचा जीव वाचवण्याजोगा आहे. बिटकॉइनसाठी ग्राफिक्स कार्डाचा काळ २०१३ मध्ये खास चिपची मशीनं आली तेव्हाच संपला. त्यानंतर कार्डं चालली ती मुख्यतः इथेरियम या बिटकॉइनसारख्या दुसऱ्या जाळ्यावर. ३०८० कार्ड सेटिंग नीट केलं तर सव्वादोनशे-अडीचशे वॅटमध्ये सेकंदाला शंभर मेगाहॅशच्या जवळ जायचं आणि ते खरंच परवडायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं. त्या दिवशी लाखो कार्डं उघड्यावर पडली. त्यातली बरीचशी इथेरियम क्लासिक, रेवनकॉइन अशा छोट्या नाण्यांवर गेली. तिथे वाटायलाच थोडं होतं, ते प्रत्येकाच्या वाट्याला आणखी थोडं आलं. कास्पासारखं एखादं नाणं काही काळ कार्डवाल्यांना बरं गेलं, तर २०२३ मध्ये त्याचीही खास मशीनं आली. तुमचा कॉम्प्युटर कार्डासकट चोवीस तास चालवलात तर रोज सहा-सात युनिटं जातील. तेवढ्या विजेची किंमत आज कार्डाच्या मायनिंगमधून सुटत नाही.

मी कार्डं आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करते, त्यामुळे मायनिंगला जुंपलेली कार्डं टेबलावर येतातच. ३०८० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी फार तापते. ११० अंशाला ती स्वतःच वेग कमी करते. मायनिंगमध्ये ती तासन्‌तास त्या काठावर असते. उघडून पाहिलं तर थर्मल पॅड कडक होऊन तुकडे पडलेले, बोर्डावर तेलाचा चिकट थर, पंख्याचं बेअरिंग हाताने फिरवलं तरी खरखरतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते : रायझरला, म्हणजे कार्ड बोर्डापासून लांब बसवायच्या जोडणीला, वीज देताना हार्ड डिस्कसाठीच्या साटा केबलचं कन्व्हर्टर लावू नका. साटाच्या जोडणीची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट, आणि कार्ड रायझरमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. मी पाहिलेल्या जोडण्यांत प्लास्टिक पिवळं पडून मग तपकिरी होतं, पिना आत खचतात, आणि वितळलेलं टोक बाहेरून नीटच दिसतं. झोपलेल्या घरात हे चालू असतं याचा विचार करा.

मोठ्या मशीनची गोष्ट वेगळीच. एस२१ ला २३० व्होल्टवर १५ अँपिअर सतत लागतात. मोठा गीझर तेवढ्या जवळ जातो, पण तो मधूनमधून बंद होतो. हे महिनोन्‌महिने थांबत नाही. १६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ते लावणं मला मान्य नाही. मीटरपासून वेगळी, जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा, आणि तो खर्च मशीनच्या किमतीत धरा. घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णतेतच जाते. साडेतीन किलोवॅट म्हणजे एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने जेवढी उष्णता बाहेर काढतो, जवळजवळ तेवढीच. खोली उष्ण असेल तर ती उष्णता काढायला तो एसी चालवावा लागेल आणि त्याचंही बिल या हिशेबात येईल. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर दिवसरात्र चालू. लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या घरात हे मशीन ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या छतावर सोलर आहे. दुपारची जास्तीची वीज वायाच जाते. तिच्यावर जुनं मशीन चालवलं तर वीज फुकटच म्हणायची ना?

उत्तर : आधी ती खरोखर वाया जाते का ते तपासा. जास्तीची वीज ग्रिडला जाऊन बिलात वजा होत असेल तर ती फुकट नाही. वजावटीचा जो दर, तीच तिची किंमत. वरचा सातोशीचा हिशेब त्या दराने करा.

वजावट मिळतच नसेल तर गोष्ट बदलते, आणि अशा घराला मी सरसकट नाही म्हणणार नाही. पण ऊन भरात असतं ते पाच-सहा तास. चोवीस तासांच्या हिशेबाने जे मशीन दोन वर्षांत फिटलं असतं ते आता आठ वर्षं घेईल, आणि डिफिकल्टी तुमच्या बंद तासांतही वाढतच राहील. त्यामुळे इथे नवं महागडं मशीन नको. मिळालंच तर अगदी स्वस्तात जुनं घ्या आणि फ्रिक्वेन्सी उतरवून चालवा. वेग कमी होतो, पण विजेची ओढ त्याहून जास्त कमी होते आणि पंख्यांचा आवाजही उतरतो. ढग आला की ते आपोआप बंद होईल अशी सोय करा, नाहीतर ग्रिडची वीज कधी ओढायला लागलं ते बिल आल्यावरच कळेल. त्याआधी तीच वीज पाणी तापवायला किंवा बॅटरी भरायला वापरता येते का ते पाहा. बहुतेक घरांत तिथेच जास्त वाचतं.

थंड हवेच्या ठिकाणी, जिथे खोली साध्या विजेच्या हीटरने तापवावीच लागते, तिथे मात्र मायनिंगचं गणित मला पटतं. हीटर असो की मशीन, एका युनिटची उष्णता तेवढीच, मग सातोशी वरकमाई. हीट पंप असेल तर तेही लागू नाही, कारण तो एका युनिटमध्ये साधारण तिप्पट उष्णता आत आणतो.

प्रश्न : मोबाइलवर एक मायनिंगचं ॲप रोज नाणी जमा झाल्याचं दाखवतं. काढून घ्यायला आधी थोडे पैसे भरायला सांगतंय. भरू का?

उत्तर : एक पैसाही भरू नका. अ‍ॅपल आणि गुगल दोघांनीही २०१८ मध्येच फोनवर मायनिंग करणाऱ्या ॲप्सना आपल्या स्टोअरमध्ये बंदी केली. पडद्यावर वाढणारा आकडा म्हणजे बहुतेक वेळा नुसता आकडाच असतो. खरी कमाई असती तर शुल्क त्यातूनच कापता आलं असतं, तुमच्याकडे मागावं लागलं नसतं. ॲप स्टोअरबाहेरून उतरवलं असेल तर आजच काढून टाका, त्यात दिलेला पासवर्ड दुसरीकडेही वापरत असाल तर तो बदला. त्यानंतरही फोन नुसता पडलेला असताना तापत असेल तर सेटिंगमध्ये बॅटरी कोण खातंय ते बघा. मागचं कव्हर किंचित जरी वर आलेलं दिसलं तर चार्जिंग थांबवा आणि फोन थेट दुरुस्तीला न्या.